रविवारची रपेट रद्द, ड्रेसाजचा सराव बुधवारी

सर्व सभासदांसाठी,

सततच्या पावसाने दिवे घाटाच्या पायथ्याची शेतवाट पार चिखलात गेली आहे. त्यामुळे रविवारचा पेपर चेस रद्द केला आहे. वन्यप्राण्यांच्या शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंधन असल्याने पेपर चेसमध्ये आपण घोड्यावरून प्राण्याऐवजी कागदाच्या कपट्यांचा माग काढतो, पण ओल्या रानात तोही टिकत नाही. त्याहून मोठी काळजी घोड्यांची. खोल चिखलात नाल निखळते, पायाची कंडरा ओढली जाते आणि ती बरी व्हायला महिने जातात. कुणीही परस्पर घोडा बाहेर काढू नये, ही कळकळीची विनंती.

ड्रेसाजचा (स्वाराच्या इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक चाली करण्याचा) सराव रविवारऐवजी बुधवारी सायंकाळी ५ वाजता, तबेल्यामागच्या २० बाय ४० मीटरच्या रिंगणात होईल. येणाऱ्यांनी सोमवारपर्यंत नाव कळवावे.

तोवर:
- घोडा उभाच राहणार असेल तर दाणा कमी करा, वैरण नेहमीसारखी ठेवा. काम नसताना भरपूर दाणा खाल्लेल्या घोड्याचे स्नायू पुन्हा कामाला लावताच आखडू शकतात.
- रोज सकाळ-संध्याकाळ लगाम धरून पायी फिरवा. नंतर खूर साफ आणि कोरडे करा.
- नालबंद शनिवारी सकाळी येतील. नाल सैल वाटल्यास मोतद्दाराला (घोड्यांची देखभाल करणाऱ्याला) आधीच सांगून ठेवा.