सुन्या, बेस गिटारवर पोट भरायचं म्हणतोस तर

प्रिय सुन्या,

तुझा भलामोठा मेसेज वाचला, सोबतचे ऑडिओपण ऐकले, दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं म्हणून बसून लिहितोय. नोकरी सोडून फ्रीलान्स सेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंगला पैसे घेऊन बेस वाजवायचं काम, करू का असं विचारलंयस. मी तुला अडवणार नाहीये, पण हे काम आतून कसं असतं ते आधी नीट सांगतो, मग तुझं तू ठरव.

पहिलं म्हणजे तुझे ऑडिओ. हात मस्त चालतोय, स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटून वाजवणं, तर माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. पण खरं सांगू का, इतकी वर्षं हे काम करतोय आणि स्लॅप सोलो मागणारं गिऱ्हाईक जवळजवळ भेटलेलंच नाही. माझं बहुतेक काम म्हणजे आठ-आठ मात्रा एकच सूर, रूट (कॉर्डचा मूळ सूर), रूट, परत रूट, आणि तो असा वाजवायचा की गाणं पुढे सरकलं पाहिजे. तू म्हणशील यात काय एवढं. सगळं त्यातच आहे रे बाबा.

मागे एकदा एका गाण्यावर प्रोड्यूसर म्हणत होता, अंतरा जड वाटतोय, बसल्यासारखा वाटतोय, वेगळं काहीतरी वाजव. आता अशा वेळी नवीन वाजवणारा लगेच सूर वाढवतो, फिल, म्हणजे मधल्या भरणीचे सूर, टाकतो, वरच्या सप्तकात जातो. मी सूर एकही बदलला नाही, फक्त स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) पडते त्या क्षणी सूर तोडायला लागलो. आधी माझा सूर स्नेअरच्या अंगावरून ओघळत पुढे जात होता, आता डावं बोट तारेवरून किंचित उचलायचं, पूर्ण सोडायचं नाही, नाहीतर मोकळी तार वाजते, आणि उजव्या हाताचं बोट आधीच पुढच्या सुराच्या जागी टेकवून ठेवायचं, म्हणजे तार आपोआप गप्प. स्नेअरला मोकळी जागा मिळाली आणि अंतरा उठला. प्रोड्यूसर म्हणाला हां, आता नवीन पॅटर्न बरोबर वाटतोय! मी कशाला सांगतोय तोच पॅटर्न आहे म्हणून. तर सूर सुरू कुठे होतो हे ड्रमरबरोबर जुळवायला सगळेच शिकतात, संपतो कुठे याच्याकडे फार थोडे लक्ष देतात, आणि मला वाटतं सेशनचे पैसे आपल्याला मुख्यतः त्याचेच मिळतात. तू क्लिक, म्हणजे मेट्रोनोम, लावून रियाज करतोस ना, त्यात हे धर. टेम्पो साठवर ठेव, एक सूर बरोबर अर्धी मात्रा, मग पाऊण, मग पूर्ण. बोअर होशील. कर तरी.

बेसिस्ट जेम्स जेमर्सन तुझा देव आहे म्हणून त्याचंच उदाहरण देतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीत त्याने उजव्या हाताच्या एका तर्जनीने वाजवलं जवळजवळ सगळं, 1962 चा फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर जाड फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत तारा, आणि त्या तो सहसा बदलायचाच नाही. जुन्या झालेल्या त्या तारांमुळे आवाज गोल, पटकन विझणारा. एवढं करून बरीच वर्षं रेकॉर्डवर त्याचं नाव ना गाव, 1971 च्या सुमारास कुठे वादकांची नावं छापायला लागले. 1983 मध्ये तो गेला आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये साइडमन, म्हणजे साथीचा वादक, म्हणून घेतला 2000 साली. आणि ही त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या बेसिस्टची गोष्ट, आपण कोण! कॅरल केचं पण बघ, ती गिटार वाजवायची सेशनला, 1963 मध्ये एका सेशनला बेसवाला आलाच नाही म्हणून तिच्या हातात बेस दिला आणि पुढे तिने तेच केलं. या लाइनमध्ये कामं अजूनही बरीचशी अशीच मिळतात, कोणीतरी आयत्या वेळी येत नाही आणि कोणाला तरी तुझं नाव आठवतं. म्हणून ड्रमरशी दोस्ती ठेव, मला आलेले निम्मे-अर्धे फोन ड्रमरनी नाव सुचवल्यामुळे आलेत. सोशल मीडियावर व्हिडिओ टाकायचे तर टाक, त्याने माझं तरी फार काही हललं नाही, तुझं हलेलही.

चार्ट, म्हणजे गाण्याचा लिहिलेला कागद, वाचता येतो का तुला? स्टाफवरचं, म्हणजे पाच रेघांवरचं, सगळं झरझर वाचायलाच पाहिजे असं नाही, पण कॉर्ड चार्ट बघून पहिल्याच टेकला नीट वाजलं पाहिजे. आणि नंबर सिस्टिम शिकून घे. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये 1950 च्या दशकाच्या शेवटी नील मॅथ्यूज नावाच्या गायकाने काढली, कॉर्डच्या नावाऐवजी तिच्या सप्तकातल्या जागेचा आकडा, एक-सहा-चार-पाच. आपला सा जसा कुठेही धरता येतो तसंच ते. फायदा कधी कळतो, तर गायिका येते, म्हणते आज घसा बसलाय, सगळं अर्ध्या सुराने खाली घ्या, आणि बाकीचे कागदावर खाडाखोड करत बसतात तेव्हा तुझा चार्ट आहे तसाच चालतो. अर्थात ई चं गाणं ई-फ्लॅटला उतरलं की चार तारांच्या बेसवर खालचा रूटच गायब होतो, कारण सगळ्यात खालची तारच ई ची. मग एक तर तार उतरव, नाहीतर ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर वरचा ई-फ्लॅट घे, त्यात वजन तेवढं येत नाही, नाहीतर पाच तारांचा बेस काढ आणि बी तारेचा चौथा फ्रेट दाब.

आता घरून करायची कामं, कारण सुरुवातीला तुला तीच जास्त मिळतील. गाणं ईमेलवर येतं, बेस वाजवून फाइल परत पाठवायची. इथे लोक वाजवण्यापेक्षा पाठवण्यात माती खातात. फाइल गाण्याच्या पहिल्या क्षणापासून एकसलग पाठव, मधूनच सुरू होणारे तुकडे पाठवलेस तर समोरचा जुळवत बसेल आणि परत बोलावणार नाही. सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा तो आकडा) त्याने ज्यात सेशन केलंय तोच, चोवीस बिट. डीआयचा, म्हणजे अ‍ॅम्पशिवाय थेट केबलने घेतलेला, कोरा ट्रॅक द्यायचाच, तुझा आवडता अ‍ॅम्पचा साउंड वेगळ्या ट्रॅकवर दे. कॉम्प्रेसर लावून, ईक्यू मारून पाठवलेला एकच ट्रॅक म्हणजे मिक्स करणाऱ्याचे हात बांधणं. मी दोन टेक देतो, एक अगदी साधा आणि एक जरा हात सैल सोडलेला. गंमत म्हणजे हमखास साधाच वापरला जातो, पण दुसरा ऐकल्यामुळे त्यांना साधा आवडतो असा माझा संशय आहे.

आणि "बेस ऐकू येत नाही" असा मेसेज येईल, येणारच, लिहून ठेव. समोरच्याने फोनवर ऐकलेलं असतं. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर 41 हर्ट्झ, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो निघतच नाही, आपल्या कानाला कळतात ते त्याचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर, आणि त्यावरून मेंदू खालचा सूर समजून घेतो. तर उपाय आवाज वाढवणं हा नाही, थोडा पिक (तार छेडायचा तुकडा) वापर, बोट ब्रिजकडे, म्हणजे तारा बुडाशी अडकवलेल्या असतात तिकडे, सरकव, किंचित डिस्टॉर्शन घाल म्हणजे वरचे हार्मोनिक्स भरतात. तुझ्या खोलीवरही भरवसा ठेवू नकोस, 41 हर्ट्झची लाट आठ मीटरपेक्षा लांब असते, छोट्या खोलीत खुर्ची हातभर मागे सरकवली तरी बेस कमी-जास्त वाटतो. हेडफोनवर ताडून बघ.

पैशांचं. बोलायला लाज वाटते हे माहितीये मला, तरी वाजवायच्या आधी बोलायचं. किती पैसे, कधी, किती रिव्हिजन त्यात धरलेत, सेशन आयत्या वेळी रद्द झालं तर काय, आणि क्रेडिटमध्ये नाव कसं लिहिणार, सगळं लेखी, निदान मेसेजवर तरी. बहुतेक कामात एकरकमी पैसे घेऊन आपला हक्क संपतो, गाणं कितीही चालो, म्हणून ती रक्कम ठरवतानाच डोकं वापरायचं. बेसलाइनवरच गाणं उभं असेल तर श्रेय मागायची वेळ रेकॉर्डिंगच्या आधी असते, नंतर कोणी ऐकून घेत नाही. एका गिऱ्हाइकाने मला महिनोन्महिने "फक्त एक छोटा बदल" म्हणून नाचवलं, पैसे निम्मेच दिले आणि मग फोन उचलणं बंद, गरज सरो वैद्य मरो. तेव्हापासून अर्धे आधी घेतल्याशिवाय मी फायनल फाइल सोडत नाही. या कडकपणामुळे कामं गेलीत काही, जाऊ देत.

कानांचं मात्र ऐक. 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 94 ला जेमतेम एक तास. लाइव्हला क्रॅश सिंबलच्या शेजारी उभा राहतोस ना, प्लग घाल. रुंद पट्टा पण घे, चार किलोचं लाकूड एकाच खांद्यावर असतं, हे आत्ता हसण्यावारी नेशील.

नोकरीचं म्हणशील तर आत्ताच हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. कामं लाटेसारखी येतात, एक महिना झोपायला वेळ नाही आणि पुढचे दोन महिने फोन मुका. रात्री आणि सुट्टीला घरून जेवढी होतात तेवढी घे, नकार द्यायची वेळ वारंवार यायला लागली की तेव्हा बोलू. वहिनीशी बोललायस का? तिला आधी सांग, मला नंतर.

आणि नवीन पाच तारांचा बेस घ्यायचा विचार सध्या बाजूला ठेव. तुझ्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड चढव, ब्रिजपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकव, इंटोनेशन, म्हणजे गळ्यावर सगळीकडे सूर खरा लागणं, एकदा नीट करून घे, वर्षभर पुरेल. पाच तारांचा लागलाच तर माझा पडूनच असतो, येऊन घेऊन जा. फक्त अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, आहे तो, वाजवून झालं की केबल काढत जा, जॅक आत राहिला की बॅटरी उतरत राहते, आणि तुझी सवय मला माहितीये.

तुझाच,
पक्या