पक्याच्या पाठीचं काय सांगू?

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय दिल्या,

इतके महिने फोन नाही आणि आता थेट पत्र. शिव्या घालून घे एकदाच्या. आईचे गुडघे तसेच, माझी शुगरही तशीच.

पक्या दिंडोरीचा खालचा प्लॉट विकायला निघालाय. पाठीत स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन चालता करतो, असं कुणीतरी सांगितलंय. गॅरंटी तोंडी, पैसे आगाऊ. मी नको म्हटलं, तर म्हणतो, "मांज्यानं तुझी नस तुटली, बोट आलंच ना जाग्यावर? वेल छाटली की फूट येते. माझ्याच पाठीला काय धाड भरलीय?"

प्रश्नात खोट नाही रे. म्हणून वाचत बसलो. बोटातली नस, म्हणजे मज्जातंतू, दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. तिथल्या श्वान पेशी तुटक्या नसेचा कचरा काढून पुढची वाट धरून ठेवतात. (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव. भुंकू नकोस.) पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मात्र मायलिनचा (तंतूवरच्या वेष्टणाचा) कचरा महिनोन् महिने पडून राहतो. त्यातली नोगोसारखी प्रथिनं वाढू पाहणाऱ्या टोकाला थोपवतात, वर व्रणाची भिंत. शिवाय मोठ्या वयात तिथल्या मज्जापेशीचा स्वतःचा जोरही ओसरलेला असतो. काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९२८ सालीच लिहून ठेवलंय की मेंदूत नि मज्जारज्जूत सगळं मरू शकतं, पुन्हा उगवत काही नाही.

पण १९८१ साली डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला जोडला, आणि मज्जारज्जूतले तेच हट्टी तंतू त्या तुकड्यातून काही सेंटिमीटर वाढत गेले! पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरले आणि जेमतेम पुढे जाऊन थांबले. म्हणजे वाढायची धमक असते, जागा वाढू देत नाही.

हे मी पक्याला सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. त्यानं 'वाढले' एवढंच ऐकलं. 'थांबले' म्हणालो तेव्हा साहेब वहिनीला चहा ठेवायला सांगत होते. शाळेत गणिताचंही असंच करायचा, अर्धं उदाहरण ऐकून हात वर. उंदराच्या त्या तुकड्याचा आणि या इंजेक्शनचा काडीचा संबंध नाही, पण आता माझंच बोलणं तो मला ऐकवतो.

चिंगीची बारावी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला का? सविस्तर कळव.

तू भगूरच्या मॅचमध्ये त्याला रनआउट केलंस (केलंसच, वाद नको), तरी तो ऐकतो तुझंच. शुक्रवारी इसार पावती आहे. त्याआधी फोन कर. बरा होशील म्हणू नकोस, होणार नाहीस असंही नको. नाशकातल्या एखाद्या न्यूरोसर्जनला आधी दाखव आणि तोवर सही करू नकोस, एवढंच त्याच्या गळी उतरव.

तुझा,
बंड्या