तो शिक्क्याचा कागद तूच नेलास ना?

सांगली, रविवार

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू अर्ध्या ताटावरून उठून गेलास. फोनवर बोलायला लागलं की माझा आवाज चढतो आणि तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून लिहायला बसले आहे. बाबा गणपतीला गेलेत. त्यांना या पत्राचं सांगितलेलं नाही.

भांडण उकरायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. तुझी राहिलेली पँट धुवायला घेतली तर खिशात निळ्या खडूचा तुकडा निघाला. पूल खेळायच्या क्यूला, म्हणजे टेबलावरचे चेंडू मारायच्या काठीला, घासून घासून मधोमध खोलगट वाटी झालेला. खिशाच्या कडेलाही तोच निळा डाग. तो डाग जात नाही हे मला आता दहा वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे, तरी घासत बसले.

पैसे लावून खेळतोस त्या हिशेबाच्या वहीचं पुन्हा एकदाच बोलते. गादीला ऊन दाखवायला काढली तेव्हा ती खाली पडली, पण उघडली ती मी मुद्दामच. ते चुकलंच माझं. गुरुवार +४०००. शनिवार −११५००. सोमवार −६०००. आणि शेवटच्या पानावर एक आकडा इतका गिरवून खोडलेला की कागद फाटलाय. उजेडासमोर धरूनही वाचता येईना. तो आकडा किती होता रे?

तू म्हणालास, "आई, मला काय सांगतेस? तूच भरवायचीस ना गोष्टी सांगून? पैसे टेबलावर असताना मी आयुष्यात हरलो नाही, हे त्या पूलवाल्या मिनेसोटा फॅट्सचं वाक्य मला कुणी शिकवलं?" मला उत्तर सुचलं नाही. पाच दिवस झाले, भाजी चिरताना, रात्री कूस बदलताना तेच चाललंय डोक्यात.

खरंच मीच शिकवलं. पण अर्धंच सांगितलं, ओंकार. उरलेलं आज लिहिते.

१९८८ साली बाबांच्या संशोधनासाठी आम्ही अमेरिकेत नॅशव्हिलला होतो. ताईचा जन्म व्हायचा होता. बाबा सकाळी सातला जायचे ते रात्री यायचे. मी बसने गावातल्या लायब्ररीत जायची आणि दुपारी विधान भवनासमोरच्या मोठ्या पटांगणात, लेजिस्लेटिव्ह प्लाझात, डबा उघडायची. तिथे एक म्हातारा कबुतरांना पावाचा चुरा घालायचा. अंगाने अवाढव्य. शेजारच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "ओळखलं नाहीस? हा मिनेसोटा फॅट्स. हर्मिटेज हॉटेलात राहतो, तिथे त्याचं पूलचं टेबल आहे." मला पूल म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. लोक सही मागत, तर तो खिशातून रबरी शिक्का काढून कागदावर उमटवायचा. मीही एक घेतला. परक्या गावात त्या महिन्यात नवऱ्याखेरीज माझ्याकडे बघून हसलेला तो पहिला माणूस. म्हणून तो कागद मी पस्तीस वर्षं बांगड्यांच्या डब्यात जपला.

मग लायब्ररीत त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. तो सांगायचा, सहा वेळा जगाची फेरी मारली, दोनदा जहाज बुडालं तरी वाचलो, भूतलावर जिवंत असलेल्या सगळ्यांना हरवलं. तू वरणभाताला तोंड फिरवायचास तेव्हा मी तेच सांगायची. एक घास, एक जहाज. बुडत्या जहाजातून तो क्यूला धरून तीन दिवस तरंगला, हे तर त्यानेही कधी सांगितलं नाही, ते माझं. तुझा घास संपत नव्हता म्हणून जहाज मला बुडवता येईना. तू डोळे मोठे करून विचारायचास, "आणि क्यू भिजला नाही?"

आता खरं सांगते. त्याचं नाव रुडॉल्फ वॉन्डेरोन. आईवडील स्वित्झर्लंडहून आलेले, जन्म न्यूयॉर्कचा, १९१३ चा. आधी त्याला न्यूयॉर्क फॅट्स म्हणायचे. १९६१ साली पूलवाल्यांवर एक सिनेमा आला, त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचं पात्र होतं. हा म्हणाला, तो मीच. ज्याच्या कादंबरीवरून सिनेमा काढला तो लेखक सांगत राहिला की हे पात्र मी माझ्या मनाने रचलंय. पण लोकांनी याचंच ऐकलं, कारण हा बोलायचा गोड. पुढे टीव्हीवर गेला, जगभर नाव झालं. नाव उसनं आणि सही रबराची. ज्याच्या वाक्यावर तू भरवसा ठेवून बसलायस, तो माणूस हा.

त्या वाक्याचंच घे. १९७८ च्या १४ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर तो पूलचा जगज्जेता विली मॉस्कोनी याच्याशी खेळला आणि सरळ हरला. प्रेक्षक मात्र हसत होते ते फॅट्सच्या बडबडीला. मॉस्कोनी कोट-टाय घालून गप्प खेळला. ही गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, कारण तू पानावरून उठला असतास.

मॉस्कोनीची बटाट्यांची गोष्ट मात्र सांगितली होती. त्याच्या वडिलांचा फिलाडेल्फियात पूलचा अड्डा होता, पण पोराला टेबलाला हात लावायची बंदी. मग हा पोरगा रात्री झाडूच्या दांड्याने बारके बटाटे ढकलून सराव करायचा. दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात फरशीवर पालथा पडून, लाटण्याने, माझे पाच रुपये किलोचे बटाटे फ्रीजखाली मारत होतास. आजी ओरडत होत्या. मी ओरडले नाही. एक डोळा मिटून, जिभेचं टोक दातात धरून तू नेम घेत होतास, तसाच अजूनही घेतोस. गेल्या वर्षी पुण्यात तुझा सामना बघायला आले होते, मागे उभी होते, तुला सांगितलं नव्हतं. काळा चेंडू लांबच्या कोपऱ्यात अलगद गेला तेव्हा माझ्या शेजारचा मुलगा "क्या बात है" म्हणाला. मला त्याला सांगावंसं वाटलं की हा माझा आहे.

मॉस्कोनीने १९५४ मध्ये एका दमात, एकदाही न चुकता, ५२६ चेंडू टेबलाच्या भोकांत घातले, हे तूच मला सांगितलंस, आणि तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला हेही. पंधरा वेळा जगज्जेता. आपल्या पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, तेव्हा या देशात कुठल्याच खेळात एकट्याने जगज्जेतेपद आणलेलं नव्हतं. तूच आजोबांना समजावून सांगायचास हे सगळं, आणि ते "हो का?" म्हणायचे. मग वहीत ही अधिक-उणे कशाला? खेळ तुझा चांगला आहे, रे. त्यावर पैसे कशाला लावतोस?

बघ, परत सुरू झालं माझं. उपदेश करायचा नव्हता. चुकले.

फॅट्सच्या बायकोचं मात्र ऐक. एव्हलिन तिचं नाव. १९४१ मध्ये इलिनॉयमधल्या ड्यूक्वॉइनला हा तिला भेटला आणि दोनेक महिन्यांत लग्न झालं. शेजारच्या डॉवेल नावाच्या खेड्यात त्यांचं घर. भटकी कुत्री-मांजरं आणून पोसायचा, मुंगीलाही दुखवायचा नाही म्हणे. मन चांगलंच होतं त्याचं, हे मी पटांगणात डोळ्यांनी पाहिलं. पण धंदा कसला? आधी मुद्दाम चुकायचं, थोडं हरायचं, समोरच्याला चढू द्यायचं, त्याने रक्कम वाढवली की खरा हात दाखवायचा. जवळच जॉन्स्टन सिटीत १९६१ पासून दरवर्षी असे डाव टाकणारे सगळे हसलर जमायचे. दिवसा स्पर्धा आणि रात्री खरी कमाई. १९७२ ला सरकारी माणसांनी धाड घातली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, १९८५ ला, दोघांचा घटस्फोट झाला. मी त्याला कबुतरं खिलवताना पाहिलं तेव्हा तो हॉटेलात एकटा राहत होता. तुला गोष्टी सांगताना एव्हलिन मी पुरती गाळली. तेव्हा मी तरुण होते, मला जहाजं आवडायची.

सायलीला माहीत आहे का? तिला वही दाखवली आहेस का? मागच्या रविवारी ती इथे आली होती, पडद्यांची मापं घेऊन गेली. मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, तुला कुणी धड सांगितलेलं नाही. मळा विकला तो आजारपणात, असं आपण सगळे म्हणतो. आजारपण नंतरचं. अण्णा शनिवारी रात्री पत्ते खेळायला जायचे आणि पहाटे यायचे. दारातल्या बादलीत पाय धुतल्याचा आवाज यायचा. जिंकले असले तर हातात जिलेबीचा पुडा, कागदातून पाक गळतोय, आम्हा तिघींना झोपेतून उठवून भरवायचे, आईच्या केसात गजरा माळायचे. जिलेबी नसली की आम्ही डोळे मिटून पडून राहायचो. आई पितळेचा डबा उघडून काहीतरी मोजायची, झाकण अगदी हळू लावायची, तरी आवाज व्हायचाच. अण्णा वाईट नव्हते. इतका लाड करणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. पण अजून मला जिलेबी जात नाही. तू, ताई सगळे मला चिडवता त्यावरून.

मागच्या महिन्यात तू अचानक मिक्सर घेऊन आलास. "आई, जुना किती दिवस वापरणार?" मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवला. परवा वहीत ती तारीख शोधली. गुरुवार, +४०००.

तो मिक्सर मी खोक्यात घालून माळ्यावर ठेवलाय. तुझ्यावर राग म्हणून नव्हे. सुरू केला की मला बादलीतला पाण्याचा आवाज येतो.

तू म्हणशील, अण्णांचं नशिबावर होतं, माझं कौशल्यावर आहे. असेलही, मी ते नाकारत नाही. मला त्यातलं तेवढं कळतही नाही. पण वहीत उण्याचे आकडे मोठे आहेत, आणि ते बेरीज-वजाबाकी येणाऱ्या कुणालाही कळतात. कौशल्य होतं तर शनिवारी ११५०० कसे गेले? समोरचा आधी तुझ्याशी थोडा हरला होता का? गुरुवारचे ४००० त्यानेच सोडले होते का तुझ्यासाठी? मला राहून राहून हेच वाटतंय. फॅट्सच्या गोष्टीत मी तुला कायम फॅट्सच्या बाजूला उभं केलं. टेबलाच्या पलीकडे कोण होतं, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. ती सगळी पोरं तुझ्याच वयाची असणार. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत फॅट्स नॉरफोकच्या बंदरात खलाशांच्या गर्दीत खेळायचा, पगार खिशात घेऊन आलेल्या पोरांशी. त्यांच्याही आया असतीलच कुठेतरी.

बाबांची बुधवारची तपासणी ठीक आली. साखर थोडी जास्त आहे. काळजी करू नकोस.

बांगड्यांचा डबा काल उघडला. शिक्क्याचा कागद नाही त्यात. तूच नेलास ना? क्यूच्या पेटीत ठेवला असशील, शकुनाचा म्हणून. ठेव. मागत नाहीये. फक्त तुझ्याकडेच आहे एवढं कळव, म्हणजे मी कपाट उपसायचं थांबवते.

आणि तो खोडलेला आकडा कळव. कुणाकुणाचे द्यायचेत, किती, आणि कधीपर्यंत. फोनवर नको, बाबा जवळ असतात. व्हॉट्सॲपवर नुसता आकडा टाक, बाकी एक अक्षर लिहू नकोस. मावशीच्या पाटल्या माझ्याकडेच आहेत, त्यांचा हिशेब मी कुणाला देणं लागत नाही. रागावणार नाही. रागावले तरी उत्तर लिहिण्याआधी चहा करून पिईन.

पँट वाळत घातली आहे. डाग राहिलाय थोडा. खडूचा तुकडा फेकला नाही, देवघराच्या खणात काडेपेटीशेजारी ठेवलाय. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
आई