फोटो उतरवायचं काम

ॲलिस स्प्रिंग्ज, ऑस्ट्रेलिया,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

मागे फोनवर तू विचारलंस, "तू ना डॉक्टर, ना कंपाउंडर, मग त्या दवाखान्यात करतोस काय?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. पोस्टरं, पत्रकं, रेडिओ यांतून दवाखान्याचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवायचं, हे माझं काम.

गेल्या महिन्यात एक अख्खा दिवस मी फोटो उतरवत होतो. आमच्या लसीकरणाच्या पोस्टरवरची आजी वारली. या भागातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांत माणूस गेला की त्याचं नाव घेत नाहीत, घरचे हो म्हणेपर्यंत चेहराही दाखवत नाहीत. त्याच नावाचं दुसरं कुणी असलं तर त्यालासुद्धा 'कुमन्जायी' या बदली नावाने हाक मारतात. बातमी कळताच मी खेड्याखेड्यांतल्या दवाखान्यांत फोन करून पोस्टरं उतरवायला लावली, फेसबुकवरचे जुने फोटो एकेक करून काढून टाकले. बाबा गेले तेव्हा त्यांचा फोटो मोठा करून, फ्रेम करून मीच आणला होता, आठवतं? त्यामुळे सुरुवातीला असं काही करताना हात अडायचा. आता उशीर झाला तरच जीव घाबरा होतो. सुतकातल्या लेकीला दवाखान्याच्या दारात अचानक आई दिसली तर?

दुसरं काम आवाजाचं. इथल्या मुलांना घशाच्या नाहीतर कातडीच्या साध्या संसर्गातून रूमॅटिक ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. तो उलटू नये म्हणून दर 28 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं, कित्येक वर्षं. फार दुखतं ते. मी त्यावर मोठ्या हौसेने पत्रक केलं होतं. आमची आरोग्यसेविका ते वाचून म्हणाली, "हे पोरांवर ओरडतंय." मग तिच्या मावशीला रेडिओसाठी लुरिचा या इथल्या भाषेत बोलतं केलं. मावशीने रोगाचं नावही घेतलं नाही. नातवाला गाडीत घालून कोण नेणार, सुई टोचताना हात कोण धरणार, नंतर फुटबॉल खेळायला केव्हा सोडणार, एवढंच सांगितलं. मी त्यातला एक शब्दही कापला नाही.

कापायचा मला हक्कही नाही. सिडनीत रेडफर्नला 1971 साली ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा पहिला दवाखाना काढला, तेव्हापासून असे दवाखाने त्यांच्याच मंडळाच्या हाती आहेत. इथून 500 किलोमीटरवरच्या किंटोर गावची माणसं डायलिसिससाठी घरदार सोडून ॲलिसला यायची. 2000 साली तिथल्या चित्रकारांनी आपली चित्रं लिलावात काढली, दहा लाख डॉलरच्या वर पैसा उभा केला आणि पुढे डायलिसिसचं यंत्रच गावात नेलं. अशा माणसांची गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय मी कशी सांगू?

उद्या पहाटे लँडक्रूझरने निघतोय. त्या आजीच्या लेकीने भेटायला बोलावलंय. फोटोंचं पाकीट चिकटवून बॅगेत ठेवलंय. तिने मागितलं तर देईन, नाहीतर तसंच परत आणीन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच