वेगकाटा खोटं बोलतो तेव्हा

संपादक महोदय,

सेन्सर बिघडून विमान उड्डाणानंतर लगेच परतलं, की 'प्रवासी थोडक्यात बचावले' असा मथळा ठरलेला. सिम्युलेटरवर (विमानाच्या नकली कॉकपिटवर) वैमानिक घडवण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून चार ओळी.

वेग मोजणारी पिटो नळी तुंबली तर काटा बंद पडत नाही, खोटं सांगतो. धोका तिथेच आहे. नळीचं तोंड आणि निचऱ्याचं भोक दोन्ही बुजली, की हवा आत कोंडते आणि विमान चढेल तसा वेग वाढताना दिसतो. त्यावर विश्वास ठेवून ऑटोपायलट नाक आणखी उचलतो, खरा वेग घटत जातो. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्गनएअरचं बोइंग ७५७ तुंबलेल्या पिटोमुळेच समुद्रात कोसळलं. १८९ माणसं गेली.

उपाय तोंडपाठ हवा. ऑटोपायलट, ऑटोथ्रॉटल (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा), फ्लाइट डायरेक्टर (नाक कुठे ठेवायचं ते पडद्यावर दाखवणाऱ्या खुणा) बंद. बोइंग ७३७-८०० वर फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) बाहेर असतील तर नाक १० अंश वर आणि इंजिन ८० टक्क्यांवर. फ्लॅप आत असतील तर ४ अंश, ७५ टक्के. विमान स्थिरावलं की मग चेकलिस्ट, मग तिन्ही वेगकाटे ताडून बघणं. (हे आकडे मी चहाच्या सुट्टीतही विचारायचो. पोरं वैतागायची, वैतागू देत.)

तेव्हा कृपया बातमीत कोणता सेन्सर बिघडला आणि वैमानिकांनी काय केलं, हेही छापावं. परत येऊन उतरणं ही शिकवलेली कृती आहे, नशीब नव्हे.

– एक निवृत्त प्रशिक्षक