उंच गोलंदाजाला वेळ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर उंच वेगवान गोलंदाजांवरचा लेख वाचला. वेस्ट इंडिजचे जोएल गार्नर आणि कर्टली ॲम्ब्रोज, ऑस्ट्रेलियाचा ब्रूस रीड, सात फूट एक इंच उंचीचा पाकिस्तानी मोहम्मद इरफान अशी सगळी मंडळी त्यात भेटली. मुंबईचा ॲबी कुरुविला मात्र कुठेच नव्हता. केरळात जन्मलेला, मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा साडेसहा फुटी गोलंदाज आपल्याच वर्तमानपत्रातून सुटावा याचं वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

कुरुविलाचं नाव काढलं की जुन्या मुंबईकरांना १९९१ चा वानखेडेवरचा रणजी अंतिम सामना आठवतो. हरयाणाविरुद्ध ३५५ धावांचं लक्ष्य, एका बाजूला दिलीप वेंगसरकर नाबाद १३९, आणि शेवटचा गडी कुरुविला धावबाद. मुंबई दोन धावांनी हरली. अकराव्या क्रमांकाच्या पोराच्या माथी हा प्रसंग कायमचा चिकटला. त्यानंतर वर्षानुवर्षं त्याने मुंबईसाठी नव्या चेंडूने जे कष्ट उपसले, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही.

रणजी सामन्यांत साइटस्क्रीनच्या, म्हणजे सीमारेषेवरच्या पडद्याच्या, जवळून मी त्याला गोलंदाजी करताना पाहिलं आहे. रनअप लांबलचक नव्हता, आव तर अजिबात नव्हता. हात कानाला लागून सरळ वर जायचा आणि चेंडू जणू गच्चीवरून सोडल्यासारखा खाली यायचा. टप्पा नेहमीचाच, ज्यावर इतर गोलंदाजांना फलंदाज निर्धास्तपणे पुढे येऊन खेळतो. पण कुरुविलाचा चेंडू तिथून उसळून बॅटच्या मुठीजवळ, ग्लोव्हजच्या बोटांवर लागायचा. पुढचा पाय टाकलेला फलंदाज तो मागे घ्यायच्या आत चेंडू अंगावर आलेला असायचा. वेग प्रचंड नव्हता, पण फलंदाज हात झटकत खेळपट्टीकडे बघायचा.

१९९७ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर वेगवान गोलंदाज श्रीनाथचा खांदा दुखावला आणि वेंकटेश प्रसादच्या जोडीला कुरुविला उभा राहिला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. किंग्स्टनला पदार्पण झालं आणि तिसरी कसोटी ब्रिजटाऊनला होती. त्या कसोटीबद्दल आपल्याकडे एकच आकडा पाठ आहे: ८१. विजयासाठी १२० धावा हव्या असताना भारत ८१ धावांत गारद झाला, लक्ष्मणखेरीज एकालाही दोन आकडी धावा करता आल्या नाहीत. कर्णधार सचिन तेंडुलकरच्या कारकिर्दीतली ती मोठी जखम म्हणून आजही तिच्यावर लेख येतात. पण लक्ष्य १२० इतकं छोटं झालंच कसं, हे त्यांपैकी फार थोडे लेख सांगतात. वेस्ट इंडिजला दुसऱ्या डावात १४० धावांत गुंडाळलं होतं आणि त्यात कुरुविलाचे ६८ धावांत ५ बळी होते. समोर ॲम्ब्रोज आणि बिशपसारखे त्याच्याच चणीचे, पण नावाजलेले गोलंदाज होते. ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानाच्या त्या उसळत्या खेळपट्टीवर आपला माणूस त्यांच्या तोडीस तोड ठरला. फलंदाजांनी १२० केल्या असत्या तर वेस्ट इंडिजमधल्या विजयाचा शिल्पकार म्हणून त्याचं नाव घराघरांत गेलं असतं.

त्या वर्षातले पुढचे महिने कसे गेले ते बघा. ऑगस्टमध्ये कोलंबोची ती निर्जीव खेळपट्टी, जिथे श्रीलंकेने ६ बाद ९५२ धावा केल्या. तिथे उंच गोलंदाज काय किंवा बुटका काय, चेंडू गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हता. (त्याच कसोटीत मुंबईच्याच नीलेश कुलकर्णीने पदार्पणाच्या पहिल्याच चेंडूवर बळी घेतला आणि त्याच्याही वाट्याला एकूण तीनच कसोट्या आल्या.) सप्टेंबरमध्ये टोरांटोला श्रीनाथ-प्रसाद नसताना कुरुविला, देबाशिष मोहंती आणि हरविंदर सिंग या नवख्या माऱ्याच्या जोरावर भारताने पाकिस्तानला एकदिवसीय मालिकेत ४-१ असं हरवलं. डिसेंबरमध्ये वानखेडेवर श्रीलंकेविरुद्धची कसोटी झाली, आणि तीच त्याची शेवटची कसोटी ठरली. मार्च ते डिसेंबर, एकाच वर्षात सलग १० कसोट्या, २५ बळी, आणि संपलं. एकदिवसीय सामनेही २५ आणि बळीही २५. वयाच्या तिशीआत माणूस बाद.

त्याची कसोटी सरासरी, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावा, पस्तीसच्या पुढे होती, हे मला ठाऊक आहे. वेग कमी होता, हा आक्षेपही खोटा नाही. पण मग भारताच्याच इशांत शर्माकडे बघू. सहा फूट चार इंच उंची. पन्नासहून अधिक कसोट्या खेळून झाल्या तरी त्याची सरासरी पस्तीसच्या वरच होती. लोक त्याच्यावर चिडायचे, निवड समितीने मात्र त्याला सोडलं नाही. २०१४ साली लॉर्ड्सवर त्याने आखूड टप्प्याच्या माऱ्याने ७४ धावांत ७ बळी घेऊन सामना जिंकून दिला, आणि त्याची सर्वांत चांगली वर्षं त्याहून पुढे आली. कारकीर्द थांबली तेव्हा खात्यात १०५ कसोट्या आणि ३११ बळी होते. ज्या आकड्यांवर कुरुविलाला दहा कसोट्यांत निरोप मिळाला, त्याच आकड्यांवर इशांतला संधी मिळत गेली. म्हणून मला हा प्रश्न निव्वळ गुणवत्तेचा वाटत नाही.

उंच गोलंदाज उशिराच जुळून येतो. लांब हातपाय एका लयीत यायला वेळ लागतो. शिवाय पुढचा पाय आपटला की सगळा भार गुडघा आणि कमरेवर येतो. सहा फूट आठ इंचाच्या ब्रूस रीडने २७ कसोट्यांत ११३ बळी घेतले, मेलबर्नला इंग्लंडविरुद्ध एकाच कसोटीत १३ घेतले, पण पाठीने त्याला पुढे खेळूच दिलं नाही. इरफानचं शरीरही चार कसोट्यांपलीकडे साथ देऊ शकलं नाही.

हे सगळं आजच्या आपल्या शालेय क्रिकेटला लागू आहे. सामने बघायला जातो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच असलेला एखादा मुलगा दिसतोच. प्रशिक्षक सकाळी त्याच्या हातात चेंडू देतात तो जेवणापर्यंत काढून घेत नाहीत, कारण बळी तोच मिळवून देतो. दोन मोसमांनी विचारलं तर कळतं, कंबर गेली, आता खेळत नाही. एका मुलाला मी ओळखायचो. त्याला दुखतंय म्हटल्यावर कोणी डॉक्टरकडेसुद्धा नेलं नाही. ‘थोडा मालीश कर’ एवढंच सांगितलं.

मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तिन्ही संघटनांना माझी विनंती आहे की चौदा वर्षांखालच्या निवडीपासूनच अशा मुलांची वेगळी नोंद ठेवावी. सराव धरून आठवड्यात किती चेंडू टाकले, याची वही प्रशिक्षकाकडून तपासून घ्यावी आणि पाठ-गुडघ्याची तपासणी संघटनेच्या खर्चाने व्हावी. आणि अठराव्या वर्षी वेग भरला नाही म्हणून कोणाला यादीतून काढू नये.

कुरुविला २०२० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय निवड समितीवर आला, तेव्हा त्याच्या शेजारी टोरांटोचे त्याचे सहकारी मोहंती आणि हरविंदर हेही होते. पुढे तो भारतीय क्रिकेट मंडळाच्या क्रिकेट विभागाचा महाव्यवस्थापकही झाला. त्याची एक सविस्तर मुलाखत आपण छापावी, आणि ब्रिजटाऊनच्या त्या पाच बळींबद्दल त्याला आवर्जून विचारावं.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे