इंग्रजी अर्जातला कोलन

माननीय संपादक,

प्रवेशाचे आणि नोकरभरतीचे दिवस आले की सांगलीतल्या डीटीपी सेंटरांवर इंग्रजी अर्ज आणि बायोडाटा टाइप करून घ्यायला गर्दी होते. स्पेलिंग कॉम्प्युटर सुधारून देतो, कोलन (:) मात्र चुकीचा तसाच राहतो. आम्ही इंग्रजी शिकवणारी माणसं आहोत. थोडं लक्ष दिलं तर या चुका टळतील म्हणून लिहीत आहोत.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये कोलन टाकणं. ‘द पार्सल कंटेन्स: टर्मरिक, रेझिन्स अँड जॅगरी’ हे चूक. कोलनच्या डावीकडचा मजकूर बोटाने वेगळा करून वाचावा. तेवढ्याने वाक्य पुरं होत असेल तरच कोलन द्यावा. इथे ते होत नाही. तेव्हा एक तर कोलन काढावा, नाहीतर ‘द पार्सल कंटेन्स थ्री आयटम्स:’ असं लिहून मग यादी द्यावी. ‘आर’, ‘इन्क्लूड’, ‘सच ॲज’ यांच्या पुढेही कोलन नको. ‘ॲज फॉलोज:’ बरोबर आहे; त्यातला शेवटचा ‘ज’ गाळू नये. ‘नेम:’, ‘डेट ऑफ बर्थ:’ अशा रकान्यांना मात्र पूर्ण वाक्याची अट नाही.

दुसरी चूक मराठीच्या सवयीतून येते. मराठीत ‘विषय :’ असं जागा सोडून लिहितात, कारण चिकटवला तर तो विसर्ग वाटतो. मराठीत ते योग्यच आहे. इंग्रजीत कोलन आधीच्या शब्दाला चिकटून आणि नंतर एक जागा. आधी जागा सोडली तर ओळ मोडताना कोलन एकटाच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतो. कीबोर्ड मराठीवरच राहिला तर कोलनऐवजी दुसरंच चिन्ह पडू शकतं; ते विसर्ग असेल तर बऱ्याच फॉन्टमध्ये त्याच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. बायोडाटातले कोलन एकाखाली एक आणायला स्पेसबार दाबत बसू नये. फॉन्ट बदलला की सगळी रांग वाकडी होते. टॅब किंवा बिनरेषांचा तक्ता वापरावा.

कोलनपुढची आडवी रेघ, म्हणजे ‘सब्जेक्ट:-’, ही जुन्या छपाईची पद्धत; आता नको. कोलननंतरचं अक्षर ब्रिटिश पद्धतीत सहसा लहान असतं, विशेषनाम सोडून. अमेरिकन पद्धतीत पुढे पूर्ण वाक्य असेल तर अनेक जण मोठं अक्षर घेतात. एका अर्जात एकच पद्धत पाळावी. ‘डिअर सर’नंतर आपल्याकडे स्वल्पविराम रूढ आहे, तोच ठेवावा.

डीटीपी चालकांना विनंती, की अर्जाच्या तयार नमुन्याची एक प्रत आधी जपून ठेवावी. मग ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये कोलन-रेघेच्या जागी नुसता कोलन आणि ‘स्पेस-कोलन’च्या जागी कोलन घालावा. नमुन्यात मराठी मजकूरही असेल तर ‘रिप्लेस ऑल’ न दाबता एकेक जागा पाहून बदलावी.

आपले,
इंग्रजीचे काही शिक्षक, सांगली